न्हाणीवरची टाकी

बेळगावच्या वडगाव भागातल्या आमच्या जुन्या घराच्या न्हाणीवर एक छोटा स्लॅब होता, आणि १९९४ च्या मे महिन्यात त्या स्लॅबवर पाचशे लिटरची काळी सिंटॅक्सची टाकी बसली. अंगणात हौद खणला गेला, अर्ध्या अश्वशक्तीची मोटर आली आणि स्वयंपाकघरातल्या मोरीत पितळी तोटीचा एक नळ बसला. नळकाम करणारा पोरगा सायकलवर सामान बांधून निघून गेल्यावर आईने तोटी फिरवली, पाणी आले, तिने ती बंद केली, मग पुन्हा फिरवली आणि पुन्हा बंद केली. ती काहीच बोलली नाही. ओले हात तिने पदराला न पुसता तसेच गालांवरून फिरवले, एवढे मला स्वच्छ आठवते. मी तेव्हा अकरावीत होतो आणि त्या क्षणी मला त्यात विशेष काही वाटले नव्हते.

सुख माणसाच्या स्वभावात असते की त्याच्याजवळच्या वस्तूंत, हा प्रश्न आपल्याकडे इतक्या वेळा विचारला गेला आहे की त्याचे उत्तर लहान मुलांनाही पाठ असते. कीर्तनात, व्याख्यानमालेत, शाळेच्या स्नेहसंमेलनात, कुणाच्या निवृत्तीच्या समारंभात तेच उत्तर मिळते: सुख मनात असते, वस्तू येतात आणि जातात. मीही ते पुष्कळ वर्षे मनापासून मानत आलो, आणि माझ्याजवळ त्याचा पुरावाही होता. तो पुरावा म्हणजे माझे वडील.

आप्पांचे दोन यंत्रमाग होते, रस्त्याकडच्या खोलीत शेजारी शेजारी मांडलेले. शहापूर, वडगाव, खासबाग या पट्ट्यात घराघरांतून साड्या विणल्या जात, आणि आमच्या गल्लीत पहाटेपासून रात्रीपर्यंत मागांचा खडखडाट इतका सतत असे की वीज गेल्यावर जी शांतता पसरायची तिनेच आम्ही दचकायचो. आप्पा धोट्यातली सुताची कांडी बदलताना तिच्याकडे बघतही नसत. बोटांना सगळे ठाऊक होते. तार तुटली तर इतर विणकर चिडत, आप्पा माग थांबवून, वाकून, डाव्या हाताच्या दोन बोटांत सूत धरून गाठ मारीत आणि त्या गाठीवरून अंगठा फिरवून ती लागते का ते बघत. संध्याकाळी माग बंद झाला की विणलेल्या कापडावर ते तळहात फिरवायचे. मालकाचे कापड, मालकाचे सूत, मजुरी ठरलेली. तरी त्या तळहातात एक तृप्ती होती, आणि ती खरी होती, याबद्दल मला आजही तिळमात्र शंका नाही. कुणी तिसरा माग घ्यायला सुचवले, कर्ज मिळवून देतो म्हटले, तर त्यांचे एकच उत्तर असे, “पुरे की. किती पाहिजे माणसाला?” वर्षातून एकदा ते पंत बाळेकुंद्रीला उत्सवाला जात. पंत महाराजांनी संसार सोडला नाही, बेळगावात शाळामास्तर म्हणून नोकरी केली आणि त्यातच परमार्थ साधला, याचे आप्पांना फार अप्रूप होते. संसारात राहून निर्लोभ राहणे, हा त्यांचा आदर्श होता आणि त्यांनी तो पाळला.

आप्पा २०२१ साली गेले. दिवसकार्य उरकल्यावर एका दुपारी मी आईजवळ बसून त्यांच्याविषयी बोलत होतो आणि म्हणालो, आप्पांइतका समाधानी माणूस मी दुसरा पाहिला नाही. आई तांदूळ निवडत होती. हात न थांबवता ती म्हणाली, “त्यांना सगळं पुरत होतं की. कमी पडलेलं मी सांगत नव्हते एवढंच.”

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, आणि म्हणूनच ते वाक्य माझ्या मनातून जाईना. त्यानंतर मी जुन्या दिवसांचा हिशेब नव्याने मांडू लागलो. कांड्या भरण्याचे काम आई करायची, आमच्या मागांचे आणि शेजारच्या दोन घरांचेही. त्या वरच्या पैशांतून आमच्या वह्या, आजीचे औषध आणि पाहुणा आला तर त्याच्यासाठी दूध यायचे. आप्पांच्या ताटात भाकरी कधी कमी पडली नाही, आणि ती आईच्या ताटात कधी कमी पडली का, हे आम्हा कुणाला ठाऊक नव्हते, कारण ती आमच्यानंतर जेवायची. “पुरे” हा शब्द आप्पांनी उच्चारायचा आणि तो खरा करून दाखवायचे काम आईचे, अशी ती वाटणी होती. आप्पांना याची जाणीव असती तर ते नक्कीच व्याकूळ झाले असते. ते मुळीच कठोर नव्हते. पण त्यांना जाणीव नव्हती, आणि त्यांच्या समाधानाचा काही भाग त्या अजाणतेपणावर उभा होता. त्यांच्या स्वभावाची थोरवी मी कमी करत नाही. ती थोरवी निभावून नेण्याचा खर्च दुसऱ्याच कुणाच्या वाट्याला गेला होता, एवढेच मला उशिरा दिसले.

त्या खर्चातला सर्वांत मोठा आकडा पाण्याचा होता. राकसकोप जलाशयाचे पाणी आमच्या भागात चार-पाच दिवसांआड येई, तेही बहुतेक वेळा अपरात्री, आणि गल्लीच्या तोंडाशी असलेल्या एका सार्वजनिक नळावर चाळीसेक घरे अवलंबून होती. आई तीनला उठायची. रांगेत माणसांच्या जागी बिंदग्या आणि घागरी उभ्या असत, आणि आपली बिंदगी कुणी मागे सरकवली तर भांडण ठरलेले. उन्हाळ्यात नळाला पाणी आले नाही की खालच्या गल्लीतल्या आडावर जावे लागे, आणि तिथे दोर ओढून ओढून तिच्या तळहातांना जे घट्टे पडले ते मी लहानपणी दागिन्यासारखे मोजत बसायचो. डाव्या कमरेवर कळशी टेकवायची सवय इतकी मुरली होती की मोकळ्या हातांनी चालतानाही ती किंचित उजवीकडे झुकायची. अजूनही झुकते.

नळावरच्या त्या रांगेत मराठी, कानडी आणि उर्दू या तिन्ही भाषा एकाच दमात बोलल्या जात. आमच्या भागात भाषेवरून काय काय झाले हे सर्वांना माहीत आहे, पण नळावर भाषेवरून भांडण झालेले आईला आठवत नाही. भांडण नंबरावरून व्हायचे. आईचे कानडी सगळे त्या रांगेतच शिकलेले. पाणी कमी असेल तर एकेका घराने दोनच बिंदग्या भरायच्या असा अलिखित नियम होता, आणि दुसरी बिंदगी भरत आली की मागची बाई म्हणायची, “साकु अक्का, साकु.” पुरे, ताई, पुरे. कानडीत “बेकु” म्हणजे हवे आणि “साकु” म्हणजे पुरे. मला फार पुढे समजले की “साकु” याच रूपाचे एक क्रियापदही कानडीत आहे आणि त्याचा अर्थ सांभाळणे, पोसणे, लहानाचे मोठे करणे असा होतो. पाळीव जनावरालाही त्याच शब्दाने ओळखतात. या दोन अर्थांचे मूळ एक आहे की नाही हे भाषेच्या अभ्यासकांनी पाहावे. मला मात्र तो शब्द ऐकला की आप्पांचे “पुरे” आणि आईचे पोसणे एकाच वेळी आठवते, आणि आमच्या घरात एकाशिवाय दुसरे कसे अशक्य होते ते दिसते.

ती टाकी आईने घेतली होती. आप्पांचा तिला विरोध नव्हता, पण उत्साहही नव्हता. इतकी वर्षे चालले तसे चालेल, असे त्यांचे मत होते. गल्लीतल्या बायकांच्या भिशीत आईने तीन वर्षे पैसे भरले, आपला नंबर दोनदा दुसरीला दिला, आणि शेवटी हाती आलेली रक्कम कांड्यांच्या साठलेल्या पैशांत मिळवून हौद, मोटर, टाकी आणि घरातला नळ एवढे सगळे केले. पाणी त्यानंतरही चार-पाच दिवसांआडच येत राहिले. पण ते हौदात पडत असे, आणि आई झोपून राहू शकत असे.

वस्तूंपासून मिळणारा आनंद टिकत नाही, माणूस नव्याला लवकर सरावतो, असे म्हणतात आणि पुष्कळ वस्तूंच्या बाबतीत ते खरेही आहे. आईचा नळ मात्र तिच्या दृष्टीने कधी जुना झाला नाही. तीस वर्षे झाली, ती तोटी दोनदा बदलली, तरी सकाळी पहिल्यांदा पाणी सुरू करताना ती क्षणभर थांबते. हा माझ्याच मनाचा खेळ असेल असे मला वाटायचे, पण मोरोक्कोतल्या तांजिर शहरात झालेल्या एका अभ्यासाविषयी वाचल्यावर ती शंका फिटली. ज्या कुटुंबांना सार्वजनिक नळावरून पाणी आणावे लागे त्यांच्यापैकी काहींना घरात नळ घेण्यासाठी कर्ज मिळवणे सोपे करून देण्यात आले आणि मग अर्थशास्त्रज्ञांनी त्यांची इतरांशी तुलना केली. एस्थर डुफ्लो त्या गटात होत्या, आणि निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. आजारपण कमी झाले नाही, कारण सार्वजनिक नळाचे पाणीही स्वच्छच होते. कमाईही वाढली नाही. वाचलेला वेळ लोकांनी विश्रांतीत आणि एकमेकांकडे जाण्यायेण्यात घालवला, पाण्यावरून होणारी शेजाऱ्यांची कुरबुर कमी झाली, आणि आपले जगणे सुधारले असे त्यांनी सांगितले. त्यासाठी पाण्याचे बिल आणि कर्जाचा हप्ता त्यांनी आपल्या खिशातून भरला. हे वाचताना मला आमची गल्ली दिसत होती. टाकी आल्यावर आई दुपारी शेजारच्या अक्कांकडे जाऊन बसू लागली होती. त्याआधी त्या दोघी फक्त रांगेत भेटत, आणि रांगेत त्यांचे पटत नसे.

पैशाविषयीचे मोठे अभ्यासही मी या काळात शोधून वाचले. २०१० साली मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि अर्थशास्त्रज्ञ अँगस डीटन यांनी अमेरिकेतील साडेचार लाखांवर उत्तरांच्या आधारे असे मांडले होते की वर्षाला सुमारे ७५ हजार डॉलरच्या पुढे मिळकत वाढली तरी रोजच्या जगण्यातला आनंद फारसा वाढत नाही. व्याख्याने देणाऱ्यांना हा आकडा फार सोयीचा वाटला. पुढे २०२१ मध्ये मॅथ्यू किलिंग्जवर्थ यांनी ३३ हजारांहून अधिक लोकांना दिवसातल्या कुठल्याही वेळी फोनवरून “आत्ता तुम्हाला कसे वाटते आहे” असे विचारत जाऊन उलट निष्कर्ष काढला, की आनंद पुढेही वाढतच राहतो. यानंतर जे झाले त्याचे मला सर्वांत जास्त कौतुक वाटते. परस्परविरोधी मत असलेले काहनेमन आणि किलिंग्जवर्थ हे दोघे मानसशास्त्रज्ञ बार्बरा मेलर्स यांच्या मध्यस्थीने एकत्र बसले, तीच माहिती पुन्हा तपासली, आणि २०२३ मध्ये त्यांनी मिळून लिहिले की बहुतेकांचा आनंद मिळकतीबरोबर वाढत जातो, पण सर्वांत कमी आनंदी अशा साधारण १५ ते २० टक्के लोकांचा एका मर्यादेपर्यंतच वाढतो आणि मग थांबतो. म्हणजे दुःखाचा काही भाग पैशाने हटतो, आणि उरलेला भाग, जिवलगाचा मृत्यू किंवा मनाचा आजार यांसारखा, पैशाला दाद देत नाही. डॉलरचे ते आकडे वडगावच्या विणकराला लावण्यात अर्थ नाही. पण आईचे तीनला उठणे कोणत्या प्रकारचे दुःख होते, याचे उत्तर मला त्यात मिळाले. ते हटण्यासारखे होते. ते स्वभावाने सहन करायला लावणे, ही आम्ही सर्वांनी मिळून केलेली चूक होती.

इथे कुणी गांधीजींची आठवण देईल, आणि बेळगावात ती द्यायलाच हवी. डिसेंबर १९२४ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन आमच्या गावात भरले, आणि गांधीजींनी ज्याचे अध्यक्षपद भूषवले असे ते एकमेव अधिवेशन. ज्यांनी ते घडवून आणले त्या गंगाधरराव देशपांड्यांच्या हुदली गावात खादीचे काम अजून चालते. साधे राहणे हे बळ आहे, हे त्या पिढीने जगून दाखवले आणि मी त्यापुढे नतमस्तक आहे. पण टिळकवाडीतल्या काँग्रेस विहिरीजवळून जाताना मला दरवेळी एक गोष्ट जाणवते: त्या अधिवेशनासाठी सर्वांत आधी ज्या गोष्टी करून ठेवाव्या लागल्या त्यांत ही विहीर होती. हजारो माणसे साधेपणाचा विचार ऐकायला येणार तर त्यांच्या पाण्याची सोय आधी व्हायला हवी, हे त्या लोकांना कळत होते. ज्याने असलेले सोडले त्याचा साधेपणा आणि ज्याला कधी मिळालेच नाही त्याची ओढाताण, या दोन्हींना आपण एकच नाव देतो, आणि तिथे आईसारख्या बायकांवर अन्याय होतो.

वस्तूंच्या बाजूने इतके लिहिल्यावर माझीच एक गोष्ट सांगणे भाग आहे. मी पुण्यात नोकरी केली, चार पैसे गाठीशी आले, आणि २०१३ साली जुन्या घरावर मजला चढवला: तीन खोल्या, संगमरवरी फरशी, काचेची कपाटे. आमच्या भागात पुण्याला आणि गोव्याला गेलेल्या मुलांनी बांधलेले असे कितीतरी मजले आहेत, वर्षातले अकरा महिने कुलूप लावलेले. आईवडिलांना सुख द्यावे हाच माझा हेतू होता, आणि वास्तुशांतीच्या दिवशी ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलेही. पुढच्या दिवाळीला आलो तेव्हा आई जिन्याच्या कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत खाली उतरताना दिसली. हातात बादली आणि फडके होते. ती दर आठवड्याला त्या रिकाम्या खोल्यांची फरशी पुसत होती. मी रागावलो, कशाला पुसतेस म्हणालो, तर तिने आश्चर्याने माझ्याकडे बघितले. एवढी पांढरी फरशी धुळीत कशी टाकायची? लेकाने कष्टाने बांधले आहे.

टाकीने तिच्या कमरेवरचे ओझे काढून घेतले होते. मी तिच्या गुडघ्यांवर नवे ओझे चढवले, आणि टाकीच्या कितीतरी पट पैसे घालून. टाकी तिने स्वतःच्या अडचणीवर शोधलेला उपाय होता. मजला मी गल्लीला, नातेवाइकांना आणि बहुधा मलाच काहीतरी सिद्ध करून दाखवण्यासाठी बांधला होता. दोन्ही वस्तूच, पण एकीमागे गरज होती आणि दुसरीमागे माझा स्वभाव होता. तेव्हापासून “सुख स्वभावात की वस्तूत” या प्रश्नाची मांडणीच मला पटेनाशी झाली. माणूस काय विकत घेतो, कुणासाठी घेतो, त्याची झाडलोट कुणाला करावी लागेल हे आधी विचारतो की नाही, यातच तर त्याचा स्वभाव असतो. तो आत कुठे वेगळा साठवून ठेवलेला नसतो.

हे आप्पांच्या शेवटच्या वर्षांत आणखी स्पष्ट झाले. ऑगस्ट २०१९ च्या पावसाने बेळगावची जी दैना केली तीत आमच्या मागांच्या खोलीत गुडघाभर पाणी शिरले, बिमावरचे सूत गेले, मोटरी जळाल्या. आप्पा तेव्हा पंचाहत्तरीचे होते. दुरुस्तीत अर्थ नाही असे सर्वांनी सांगितले, मीही सांगितले, आणि दोन्ही माग भंगाराच्या भावाने, किलोवर, विकले गेले. आम्हाला वाटले, ज्या माणसाला कधी काही नको होते त्याला याचे काय? पण आप्पा बदलले. ते रिकाम्या खोलीत खुर्ची टाकून बसायचे. सोफ्याच्या खोळीवर, टॉवेलवर, नातीच्या फ्रॉकवर तळहात फिरवायचे, आणि मग हात मांडीवर ठेवून गप्प व्हायचे. आयुष्यभर ज्याला आम्ही त्यांचे आतले समाधान म्हणत होतो ते राहायला दोन लोखंडी माग लागत होते. सद्गुणांना वाव मिळायलाही काही साधने लागतात, असे ॲरिस्टॉटलने तेवीसशेहून अधिक वर्षांपूर्वी सांगून ठेवले आहे. मी ते कॉलेजात वाचले होते, पण ते समजायला आप्पांचे ते रिकामे हात बघावे लागले. निदान एक माग उचलून कोरड्या जागी बसवून द्यायला हवा होता. नफा-तोट्याचा विचार करून मी तो दिला नाही, याची खंत मला आहे.

वरच्या खोल्यांत आता जांबोटी-कणकुंबीकडच्या तीन मुली राहतात. इथे शिकतात, पावसाळ्यात त्या बाजूने रोजचे येणेजाणे शक्य नसते. फरशी त्या पुसतात. भाडे आई घेते आणि ते कुठे जाते हे मी विचारत नाही, पण ती पुन्हा भिशीत आहे एवढे माझ्या कानावर आले आहे.

गेल्या महिन्यात घरी होतो तेव्हा रात्री पाणी आले. आई मोटर लावून पायरीवर बसली, मीही शेजारी बसलो. वर टाकीत पाणी पडल्याचा आवाज येत होता. इतक्या वर्षांत कधी न विचारलेले मी तेव्हा विचारले, की आप्पांचा स्वभाव थोडा कमी समाधानी असता, चार पैसे जास्त मिळवायची त्यांना हाव असती, तर तुला बरे वाटले असते का? ती बराच वेळ गप्प होती. मला वाटले, तिला प्रश्न आवडला नाही.

“नको गा,” ती म्हणाली. “स्वभाव तोच पाहिजे होता त्यांचा.” मग वरचा आवाज ऐकत थोडी थांबली. “टाकी जरा आधी पाहिजे होती.”

टाकी भरून न्हाणीच्या भिंतीवरून पाणी ओघळू लागले, तशी ती उठून मोटर बंद करायला गेली.